नाव ठेवणे, नावे ठेवणे

चैत्राच्या अखेरीस संपादकांचे पत्र आले, तेव्हा माझा मुक्काम मुलीकडे पिट्सबर्गला होता आणि तेथील झाडांना नुकती पालवी फुटू लागली होती. यंदाचा अंक 'नावे' या विषयाला वाहिलेला असून आपण एखाद्या गावाच्या, घराण्याच्या अगर ग्रंथाच्या नावाची कुळकथा शोधून काढावी, असे त्यांनी सुचविले होते. घराण्यांच्या कुळकथा लिहिण्यात धोका असतो, कारण घराणी हयात असतात. ग्रंथांविषयी लिहावयाचे तर ते वाचावे लागतात. या दोन्ही अडचणी चुकविण्याचा मार्ग मी शोधीत असतानाच, एका रविवारी जेवणानंतर जावयांनी बातमी दिली, की या मुलखाच्या ओढ्यांतून एक प्राणी राहतो, ज्याच्या नावातच नरक आहे, आणि पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१९ साली रीतसर कायदा करून त्यालाच आपला 'राज्य उभयचर' ठरविले आहे. माझा विषय त्या क्षणी ठरला.

त्या प्राण्याचे नाव हेलबेंडर. हा सॅलॅमँडरांच्या कुळातला, म्हणजे बेडकाचा दूरचा भाऊबंद. परंतु बेडकाला जसे पाण्याबाहेर येण्याचे वेड असते तसे याला नाही. जन्मापासून मरणापर्यंत तो वाहत्या पाण्यातच राहतो. लांबी साधारणतः हातभर. आजवर मोजलेला सर्वांत मोठा ७४ सेंटिमीटर भरला. उत्तर अमेरिकेत याच्याहून मोठ्या शरीराचा सॅलॅमँडर नाही, आणि जगात याच्यापेक्षा मोठे आहेत ते चीन व जपान येथील त्याचे चुलते.

शेंबडे पाणमांजर आणि इतर बिरुदे

मराठीत नाव ठेवणे म्हणजे बारसे करणे आणि नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे. या दोन क्रियांत एका मात्रेचेच अंतर आहे, आणि हेलबेंडरच्या बाबतीत तेवढेही राहिलेले दिसत नाही. ॲपलेशियन पर्वतराजीत येऊन वसलेल्या गोऱ्या लोकांनी त्याला जी नावे दिली त्यांची यादी एखाद्या फिर्यादीच्या अर्जासारखी वाचता येते: चिखलातला सैतान, सैतानी कुत्रा, ॲलेघेनीची सुसर, शेंबडे पाणमांजर. अलीकडच्या पिढीने त्यांत 'लझान्या सरडा' या नावाची भर घातली, ती मात्र कौतुकाची आहे. कारण त्याच्या दोन्ही कुशींना मानेपासून मागल्या पायांपर्यंत कातडीची चुणीदार झालर असते, आणि ती लझान्या नावाच्या इटालियन पक्वान्नातील पिठाच्या पट्टीच्या काठासारखी दिसते. माझ्या पत्नीने छायाचित्र पाहून लुगड्याच्या निऱ्यांची उपमा दिली, ती मला अधिक पटली.

आता मूळ नावाविषयी. फिलाडेल्फियातील निसर्गाभ्यासक बेंजामिन स्मिथ बार्टन यांनी १८१२ साली या प्राण्यावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या लांबलचक शीर्षकातच, संयुक्त संस्थानांत हा 'ॲलिगेटर' आणि 'हेल-बेंडर' या नावांनी ओळखला जातो, असे नमूद करून ठेवले. म्हणजे नाव विद्वानांनी दिलेले नाही. ते लोकांच्या तोंडी आधीपासूनच रुळले होते आणि विद्वानांनी फक्त दप्तरी दाखल केले. ते का पडले याच्या दोन कैफियती सांगितल्या जातात. पहिली अशी, की हा प्राणी नरकातून वर आलेला असून नरकातच परत जाण्याचा त्याने हट्ट धरला आहे. इंग्रजीत एखाद्या गोष्टीचा हट्ट धरणे आणि वाकणे यांना एकच धातू चालतो, त्यावर ही व्युत्पत्ती उभी आहे. दुसरी अशी, की त्याच्या अंगावरील वळ्या पाहून कोणा धर्मभीरू माणसास नरकयातनांनी पिळवटलेल्या पाप्याची आठवण झाली. मला दोन्ही कथा बारशानंतर रचलेल्या वाटतात. पुराणांतही पुष्कळ क्षेत्रांची माहात्म्ये क्षेत्रे प्रसिद्ध झाल्यावरच लिहिली गेली आहेत.

शास्त्रीय नाव मात्र निरागस आहे. क्रिप्टोब्रँकस ॲलेगॅनिएन्सिस, अर्थात ॲलेघेनी पर्वतातला गुप्तकल्ली. पिल्लाला बाहेर दिसणारे कल्ले असतात. ते दीड-दोन वर्षांत झडतात, आणि प्रौढाच्या गळ्याशी कल्ल्याची एक बारीकशी फट तेवढी उरते, ती शोधल्याशिवाय सापडत नाही.

ओढ्यात एक दिवस

जुलैत ओढ्यांचे पाणी उतरते आणि तेव्हाच यांची गणती करतात, कारण भाद्रपद-आश्विनात ही मंडळी अंडी घालतात व त्या काळात त्यांच्या घरावरचे छप्पर उचलणे हे कोणत्याही नीतीत बसणारे नाही. अशा एका गणतीस हजर राहण्याची परवानगी मला मिळाली, ती दोन अटींवर: प्राण्यास हात लावावयाचा नाही, आणि ओढ्याचे नाव कोठेही छापावयाचे नाही. दुसरी अट ऐकून मी चपापलो. नावांवरच्या लेखात ठिकाणाचेच नाव नसावे, हे विपरीत होते. पण कारण सबळ होते. हौशी लोकांच्या काचपेट्यांसाठी हे प्राणी चोरून पकडून विकले जातात, आणि ठिकाणाचा पत्ता छापणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देणे. सबब, ॲलेघेनी नदीस मिळणारा एक ओढा, एवढ्यावर वाचकांनी समाधान मानावे.

सकाळी आठ वाजता आम्ही काठावर होतो. पाणी गुडघ्याच्या वर, स्वच्छ आणि इतके गार की पहिल्या पाच मिनिटांत माझ्या पोटऱ्या माझ्या राहिल्या नाहीत. पथकाच्या प्रमुख बाई जीवशास्त्रज्ञ होत्या; त्यांच्याबरोबर तीन विद्यार्थी, रबरी पोशाख चढवून आणि श्वासाची नळी तोंडात धरून प्रवाहात पालथे पडण्याच्या तयारीत. त्यांचे मुख्य हत्यार पाहून मला गंमत वाटली: लाकूडतोडे ओंडके उलटविण्यासाठी वापरतात तो आकडी बसविलेला लांब, जाड दांडा. पहारीचे काम तो करतो. दोघांनी त्याच्या साह्याने भली थोरली चपटी शिळा एका कडेने वीतभर उचलून धरावयाची, तिसऱ्याने खाली हात घालून चाचपावयाचे, आणि खालच्या अंगास मी जाळे धरून उभे राहावयाचे, अशी कामाची वाटणी झाली. जाळे धरणे हे काम मला वयाच्या मानाने दिले असावे. त्यात काही सापडण्याची कोणाचीच अपेक्षा नव्हती.

शिळा उचलण्यात जेवढी दक्षता होती तेवढीच ती परत ठेवण्यात होती. हीच गोष्ट मला त्या दिवसात सर्वांत अधिक मोलाची वाटली. एकेका दगडाखालची पोकळी हे एकेका हेलबेंडरचे वतन असते. तो तेथे वर्षानुवर्षे राहतो, रात्री बाहेर पडून तळावर चालत शिकार करतो आणि पहाटे त्याच कपारीत परततो. दगड पूर्वीच्या खोबणीत तंतोतंत न बसला तर कडेने पाणी घुसते, वाळू भरते आणि वतन बुडते. म्हणून त्या विद्यार्थ्यांपैकी एक जण दर वेळी पाण्यात डोके घालून चारी बाजूंची रुजुवात करी, आणि त्याने अंगठा वर केल्याशिवाय पथक पुढे हलत नसे.

पहिल्या आठ दगडांखाली काही मिळाले नाही. नवव्याखाली एक क्रेफिश निघाला, म्हणजे नांगीवाला, झिंग्याच्या जातीचा जीव. बाईंनी तो पाहून समाधानाने मान हलविली, कारण हेलबेंडरचे मुख्य अन्न तेच. दुपारी, मी भाकरीऐवजी पावाचे तुकडे चघळीत काठावर बसलो असता, ओढ्यातून नळीतून ओरडल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ दोन्ही हातांत काहीतरी धरून एक मुलगी उभी राहिली.

मला प्रथम वाटले, तिने तळातला एखादा कुजका ओंडका काढला आहे. तपकिरी, मध्येमध्ये काळसर डाग, डोके कुदळीच्या पात्यासारखे रुंद व चपटे, आणि डोळे इतके बारीक, बिनपापणीचे, की ते मागाहून टोचून बसविले असावेत. पुढच्या पायांना चार बोटे, मागच्यांना पाच, आणि ती लहान मुलाच्या बोटांसारखी गुबगुबीत. शेपूट वल्ह्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी दाबलेले. अंगावर बुळबुळीत चिकटा होता खरा, आणि 'शेंबडे' हे विशेषण देणाऱ्याने निरीक्षणात कसूर केलेली नव्हती. मात्र तो चिकटा विषारी नाही, फार तर खाणाऱ्याच्या तोंडाची चव बिघडविणारा आहे. ओल्या पन्हाळीत ठेवून त्याची लांबी मोजली, वजन केले, कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून काइट्रिड नावाच्या घातक बुरशीची तपासणी करण्याची तजवीज केली, आणि कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे की नाही हे यंत्राने पाहिले. चिप होती. सहा वर्षांपूर्वी याच दगडाखाली याच प्राण्याची नोंद झालेली होती. बाईंनी क्रमांक वाचून दाखविला, मी वहीत तो लिहून घेतला, आणि पाच-सात मिनिटांत तो आपल्या घरी परत गेला, घाईने नव्हे, तर कज्जा जिंकून कचेरीतून परतणाऱ्या खोतासारखा, एकेक पाऊल टाकीत.

कातडीने घेतलेला श्वास

याला फुप्फुसे आहेत, पण श्वासासाठी त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. पाण्यात तरंगणे-बुडणे सांभाळण्यापुरती ती कामास येतात. प्राणवायू तो घेतो तो बहुतेक सगळा कातडीतून, आणि कुशीवरच्या त्या निऱ्या म्हणजे कातडीचे क्षेत्रफळ वाढविण्याची युक्ती होय. त्यांच्यात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. परिणामी त्याचे सर्व आयुष्य पाण्याच्या गुणावर गहाण पडलेले आहे. पाणी गार असेल, वाहते असेल, खडकांवरून फेसाळत असेल तर त्यात प्राणवायू भरपूर. तेच धरणाच्या भिंतीमागे तुंबले, काठची झाडे तुटून उन्हात तापले, किंवा नांगरलेल्या शेतांतून व रस्त्यांच्या कामांतून आलेल्या गाळाने दगडांखालच्या कपारी भरून गेल्या, की याचा श्वास आणि घर दोन्ही एकदम जातात. पश्चिम पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यानेही कित्येक ओढे निर्जीव केले.

संसाराची रीतही पाहण्यासारखी आहे. नर दगडाखाली खोली कोरतो, तिचे दार प्रवाहाच्या खालच्या दिशेस ठेवतो, आणि मादी तेथे माळेतील मण्यांप्रमाणे गुंफलेली शेकडो अंडी घालून निघून जाते. पुढचे सर्व पितृकर्म. तो दारात डोके ठेवून महिनोन्‌महिने पहारा देतो आणि अंगावरच्या निऱ्या हलवून अंड्यांना ताजे पाणी घालतो. मात्र हा पिता सर्वथा पूजनीय मानता येत नाही, कारण अधूनमधून तो आपलीच काही अंडी खातो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील विल्यम हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अनेक वर्षांच्या अभ्यासाअंती असे आढळले, की ज्या ओढ्यांच्या वरच्या अंगाचे रान तुटले आहे तेथे बाप सगळीच्या सगळी अंडी फस्त करण्याचे प्रमाण वाढते. तेथे प्रौढ दिसतात, नोंदवहीत आकडे भरतात, आणि पिल्ले मात्र येत नाहीत. हा प्राणी तीस वर्षे जगू शकत असल्यामुळे म्हाताऱ्यांचे असे गाव बरीच वर्षे नांदते आहेसे वाटते. कोकणातील बंद घरे पाहिलेल्या वाचकास हे अधिक सांगावयास नको.

पाणकुत्र्यांचे हसू

गोऱ्यांनी नावे ठेवण्यापूर्वी या डोंगरांत चेरोकी लोकांची वस्ती होती आणि त्यांच्या भाषेत पाण्यातल्या या कुळाला नाव होते. जेम्स मूनी यांनी चेरोकींच्या कथांचा जो संग्रह १९०० साली सरकारी प्रकाशन म्हणून छापला, त्यात उत्तर कॅरोलायनातील टस्क्विटी नावाच्या बोडक्या माथ्याच्या शिखराचे मूळ नाव दिले आहे, आणि त्याचा अर्थ होतो 'पाणकुत्रे हसले ती जागा'. कथा अशी, की फार मोठ्या अवर्षणात एक शिकारी त्या माथ्यावरून जात असता त्याला बोलणे ऐकू आले, आणि खडकाआडून पाहतो तो दोन पाणकुत्रे मागल्या पायांवर उभे राहून वाटेने चाललेले. त्यांचे तळे आटले होते आणि ते डोंगर ओलांडून नांटाहाला नदीकडे निघाले होते. एक दुसऱ्याला म्हणाला, की तहानेने माझा पदर गळून लोंबू लागला आहे. आणि दोघेही हसले.

मूनींनी पदराचा अर्थ कल्ले असा दिला आहे. तेव्हा कथेतला प्राणी बाहेर कल्ले मिरविणारा याचा शेजारी मडपपी असेल, की कुशीला निऱ्या असलेला हा आपला, यावर वाद घालता येईल. चेरोकींनी दोघांना एकाच नावात सामावून घेतलेले दिसते. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. पाणी आटले असता घर सोडून निघालेल्या, आणि त्याही स्थितीत थट्टा करणाऱ्या दोन प्रवाशांची ज्याला कल्पना सुचली, त्याने तो प्राणी बसून पाहिला होता. सैतान म्हणणाऱ्याने तो गळाला लागलेला तेवढा पाहिला.

गळाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ओढ्याजवळच्या एका दुकानात मासेमारीचे आमिष विकणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांच्या आजोबांचा शिरस्ता असा, की हेलबेंडर गळाला लागला तर दोर कापून तो बुटाखाली चिरडावयाचा. कारण तो ट्राउट मासे खाऊन टाकतो, त्याचा दंश विषारी असतो, आणि त्याचा चिकटा दोरीला लागला तर त्या दोरीला पुन्हा मासा शिवत नाही. ही तिन्ही कलमे खोटी. परंतु त्यांच्या बळावर काही ठिकाणी तर मारणाऱ्यास इनाम देण्यापर्यंत मजल गेली. "आता आम्ही दोर कापतो आणि त्याला सोडून देतो," ते म्हणाले, नंतर थोडे थांबून, "पण आता तो गळाला लागतो कुठे?"

नावात देव असल्याने तरी काय होते? आपल्या सह्याद्रीतही असाच एक गुप्त उभयचर आहे, बिनपायाचा, मातीत राहणारा. त्याला आपण देवगांडूळ म्हणतो, आणि पावसाळ्यात तो बांधावर दिसला की साप समजून पहिला घाव घालतो.

प्रलयात बुडालेला माणूस

नाव चुकण्याचा याच घराण्यातील सर्वांत थोर प्रसंग युरोपात घडला. स्वित्झर्लंडचे पंडित योहान याकोब शॉइक्झर यांना कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या ओनिंगेन येथील खाणीतला एक सांगाडा मिळाला, तो त्यांनी १७२६ साली नोहाच्या प्रलयात बुडालेल्या पापी माणसाचा म्हणून जाहीर केला आणि 'प्रलयाचा साक्षीदार मनुष्य' असे त्याचे लॅटिन नामकरण केले. तब्बल पंच्याऐंशी वर्षांनी, १८११ मध्ये, जॉर्ज क्युव्हिए यांनी हार्लेमच्या संग्रहालयात त्या दगडातील झाकलेला भाग कोरून काढला आणि साक्षीदार हा राक्षसी सॅलॅमँडर असल्याचे दाखवून दिले. पुढे त्याच्या जातीस ॲन्ड्रिआस, म्हणजे मनुष्यप्रतिमा, असे नाव मिळाले, आणि चीन-जपानचे हयात चुलतेही तेच नाव लावतात. कोठे माणूस समजून स्मारक करावे आणि कोठे सैतान समजून चिरडावे, असा हा एकाच कुळाचा ग्रहयोग.

दप्तरातील नाव

अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त जीव संरक्षण कायद्याखाली दाद मागावयाची तर प्रथम नाव लागते, आणि तेही नेमके. मिसूरी व आर्कान्सा येथील ओझार्क डोंगरांतला हेलबेंडर ही स्वतंत्र उपजाती मानली गेली, म्हणून तिचे नाव २०११ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत चढले. त्याच वर्षी सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयाने मिसूरीच्या वनजीव खात्याच्या सहकार्याने कृत्रिम ओढे वाहवून बंदिवासात त्याची पैदास करून दाखविली, जी तोवर कोणास साधली नव्हती. पूर्वेकडील उपजातीची फाइल मात्र निराळ्या टेबलावर होती. २०१९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पेनसिल्व्हेनियातील शाळकरी मुलांच्या खटपटीला यश येऊन गव्हर्नरांनी राज्य उभयचराच्या कायद्यावर सही केली त्याच वर्षी, संघराज्याच्या खात्याने तिला सरसकट संरक्षण देण्याचे नाकारले. २०२१ मध्ये तिच्या मिसूरीतील तुकडीपुरता हुकूम निघाला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच खात्याने सबंध पूर्व उपजाती संकटग्रस्त ठरविण्याचा मसुदा मांडला. त्यात कबूल केले आहे, की दप्तरी नोंद असलेल्या ६२६ वसाहतींपैकी ३७१ उरल्याचे मानता येते, आणि त्यांतल्या स्थिर म्हणाव्यात अशा फक्त ४५.

मसुद्याच्या आधी तीनच महिने हेलीन नावाचे वादळ दक्षिण ॲपलेशियन प्रदेशावर कोसळले होते, ऐन अंडी घालण्याच्या हंगामात. उत्तर कॅरोलायनातील नद्यांनी पात्रे बदलली आणि हेलबेंडर पूर ओसरल्यावर शेतांतून सापडले.

दरम्यान कामे चालू आहेत. मिसूरीत सिमेंटच्या बुटासारख्या आकाराच्या पेट्या ओढ्यांच्या तळाशी बसवितात. बुटाचे तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेस, वर उघडता येणारे झाकण. आणि नर त्यांत बिनतक्रार संसार थाटतात. ओहायोत तर तुरुंगातील कैद्यांनी पिल्ले वाढवून ओढ्यांत सोडण्यास हातभार लावला आहे. नरकाचे नाव घेऊन जन्मलेल्याची दाई म्हणून कैदी नेमला जावा, ही योजना कोणा कादंबरीकाराने केली असती तर मी ती अतिरंजित म्हटली असती.

निरोप घेताना मी बाईंना विचारले, की सामान्य माणसाने याच्यासाठी काय करावे. त्यांनी पाण्याकडे बोट केले. थोड्या अंतरावर एक कुटुंब सहलीला आले होते, आणि मुले ओढ्यातले चपटे दगड काढून एकावर एक रचून मनोरा करीत होती, तो पाच दगडांपर्यंत आलाही होता. बाई पाण्यातून चालत त्यांच्याकडे गेल्या.

ग्रेट स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानात ओढ्यातील दगड हलविणे हा आता गुन्हा आहे. वाचकांपैकी अनेकांची मुले आणि नातवंडे त्या मुलखात नांदत असतील व सुट्टीत त्याच डोंगरांत जात असतील. यंदा त्यांना फराळाचा डबा धाडाल, तेव्हा त्यात एक चिठ्ठी घालावी, की ओढ्यातला दगड जेथे असेल तेथेच राहू द्या.